सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या संशोधनाची सुरुवात नखाच्या कडेपासून कशी करावी

सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर काम करू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा महागड्या उपकरणांची यादी घेऊन प्राध्यापकांकडे येतो. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये किंवा मिहानमधील एम्स, कुठेही शिकत असलात तरी ती यादी तूर्त बाजूला ठेवावी. नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या कडेला केशवाहिन्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पसरलेल्या असतात. त्यामुळे सुमारे 200 पट मोठे दाखवणाऱ्या डिजिटल सूक्ष्मदर्शकाखाली त्या जिवंत माणसात, सुई न टोचता पाहता येतात.

लहान वाहिन्यांना एवढे महत्त्व का, हे आधी आकड्यांत समजून घ्यावे. नळीतील द्रवाच्या प्रवाहाबद्दलच्या पॉइझुईलच्या नियमानुसार प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब तोच राहून त्रिज्या केवळ 10 टक्क्यांनी वाढली, तर प्रवाह सुमारे 46 टक्क्यांनी वाढतो. धमनिकांच्या, म्हणजे अगदी लहान धमन्यांच्या, भिंतीतील स्नायूंचे किंचित आकुंचनही रक्तदाबावर परिणाम करते ते यामुळेच.

निरीक्षणापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि सहभागी व्यक्तीची लेखी संमती घ्यावी. त्या व्यक्तीला 22 ते 24 अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत 15 ते 20 मिनिटे शांत बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून ठेवावा आणि शक्यतो कमी वापराच्या हाताची अनामिका निवडावी, कारण तिथली त्वचा तुलनेने पारदर्शक असते आणि तिला इजाही कमी झालेली असते. नखाच्या कडेवर तेलाचा एक थेंब ठेवल्यास प्रकाशाची चमक कमी होते. निरोगी व्यक्तीत केसांच्या आकड्यासारखे, एका ओळीत शेजारीशेजारी असलेले केशवाहिन्यांचे फास दिसतात. एका मिलिमीटरमध्ये ते साधारणपणे सातपेक्षा कमी नसतात. मोजणीपूर्वी सूक्ष्ममापक पट्टीने प्रतिमेचे प्रमाण निश्चित करावे आणि छायाचित्र कोणाचे आहे हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये.

खोलीच्या तापमानाची अट कागदावर क्षुल्लक वाटते, पण नागपूरच्या मे महिन्यात सगळा अभ्यास तिच्यावरच अडतो. बाहेर 45 अंशांचे ऊन सोसून आलेल्या माणसाच्या त्वचेतील वाहिन्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी विस्फारलेल्या असतात, आणि कूलरने खोलीचे तापमान दिवसभर एकसारखे राहत नाही. वातानुकूलित खोली मिळत नसेल तर मोजमापे हिवाळ्यात घ्यावीत, मात्र तेव्हाही थंडीने आकसलेल्या वाहिन्यांसाठी तीच विश्रांती आवश्यक असते. चहा, सिगारेट आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) यांबद्दल स्पष्टपणे विचारावे. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला नकार देणारा माणूसही खर्ऱ्याचे नाव घेतले की हो म्हणतो, आणि निकोटिन त्वचेतील वाहिन्या आकुंचित करते.

पूर्वतयारीची अशी काटेकोर नोंद शोधापर्यंत नेऊ शकते. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन या वाहिन्या शिथिल करणाऱ्या रसायनाचा परिणाम अपेक्षेप्रमाणे होत नव्हता. पट्टी कापताना तिचा आतला पृष्ठभाग घासला जाऊन अंतःस्तर, म्हणजे आतल्या पेशींचा पातळ थर, निघून जातो, असे लक्षात आले. अंतःस्तर शाबूत ठेवला की वाहिनी शिथिल होत होती. हे निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अंतःस्तरातून निघणारा घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे सिद्ध झाले आणि 1998 चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. महाधमनी ही काही सूक्ष्म वाहिनी नव्हे, तरी लहान वाहिन्यांच्या अभ्यासाला त्यातून नवी दिशा मिळाली.

पदवीच्या काळातच आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) विद्यार्थी संशोधन योजनेसाठी प्रस्ताव द्यावा. ती दोन महिन्यांची असल्याने प्रश्न मर्यादित ठेवणे भाग पडते, आणि ते चांगलेच आहे. एमडीच्या प्रबंधासाठी विदर्भातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विषय स्वाभाविक ठरतो. साधारण 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची निरोगी तांबडी पेशी वाकून, लांबट होऊन अरुंद केशवाहिनीतून जाते, तर विळ्याच्या आकाराची ताठर पेशी तिथे अडकू शकते. मात्र नखाच्या कडेवरून हाडातील किंवा फुप्फुसातील अडथळ्याचे अनुमान काढू नये, आणि प्रबंधाच्या मर्यादांत तसे स्पष्ट लिहावे. रुग्ण वेदनेच्या झटक्यात असताना मोजमाप घ्यायचे की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून प्रस्तावातच ठरवून ठेवावे.