महापोकळी शोधताय? या चुका टाळा

मे महिन्यात खान्देशात दिवसा घराबाहेर पडवत नाही, पण रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की स्वाती बरोबर डोक्यावर असतो. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि स्वातीची क्रांती (आकाशातला अक्षांश) १९ अंश उत्तर, त्यामुळे आपल्याकडे तो खस्वस्तिकाच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूच्या, अगदी जवळून जातो. हा तारा भूतप समूहातला. याच समूहाच्या उत्तर भागाच्या दिशेला, सुमारे ७० कोटी प्रकाशवर्षांवर, ३० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास रुंदी असलेली प्रसिद्ध महापोकळी आहे, म्हणजे दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) फारच विरळ असलेला अवकाशाचा भाग. आकाशदर्शनाला आलेली मुलं हे ऐकलं रे ऐकलं की दुर्बीण तिकडे वळवायला सांगतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तो काळा फोटो पोकळीचा नाही

व्हॉट्सॲपवर 'विश्वातलं भयानक भोक' म्हणून एक फोटो फिरतो: चांदण्यांच्या गर्दीत मधोमध काळाकुट्ट डाग. ते बर्नार्ड ६८ आहे. भुजंगधारी समूहाच्या दिशेला, आपल्याच आकाशगंगेत, सुमारे ५०० प्रकाशवर्षांवरचा धूळ आणि वायूचा थंडगार ढग. रुंदी जेमतेम अर्धं प्रकाशवर्ष. तिथे काही नाही म्हणून तो काळा दिसत नाही, उलट तिथली धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते. अवरक्त कॅमेऱ्याने पाहिलं तर मागचे तारे दिसायला लागतात.

खऱ्या महापोकळीचा असा फोटो निघूच शकत नाही. तिच्या दिशेला बघितलं तर आधी आपल्या आकाशगंगेतले तारे येतात, मग अलीकडच्या दीर्घिका, आणि पोकळीपलीकडच्या तर असंख्य. सगळं एकावर एक पडून आकाश भरलेलंच दिसतं. पोकळी आकाशाच्या चित्रात नसते, ती अंतरांच्या यादीत असते. दिशा आणि अंतर दोन्ही मोजून त्रिमितीत मांडणी केली, तरच कळतं की मधला एवढा पट्टा मोकळा आहे.

यमुना समूहाच्या दिशेच्या 'शीत डागा'चीही अशीच सरमिसळ होते. तो डाग सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणातला, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेल्या आणि सगळीकडून येणाऱ्या प्रारणातला किंचित थंड भाग. त्याच दिशेला एक मोठी पोकळी आहे हे खरं, पण तिच्यामुळे त्या थंडाव्याचा थोडाच भाग समजतो. दोन्ही एकच, असं लिहू नका.

तोरणमाळला गेलं तर दिसेल का?

नाही. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी, कुठेही जा. अंधार कितीही चांगला असला तरी अडचण अंधाराची नाहीच. पाटणादेवीला जाणाऱ्यांना हे पटायला सोपं जावं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथल्या पाटण गावी मठ काढला, त्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. डोळ्यांना न दिसणारं गणिताने गाठायचं, ही रीत आपल्या भागात आठशे वर्षं जुनी आहे.

पण दुर्बीण काढलीच असेल तर निराश परतायचं कारण नाही. मेअखेरीस रात्री अकराच्या सुमारास भूतपातल्या पोकळीची दिशा उत्तरेला साधारण ६५ अंश उंचीवर येते. ती नुसती दाखवा, आणि 'इथे काही दिसणार नाही' हे आधीच सांगून टाका. मग दुर्बीण कालेय समूहातल्या एनजीसी ६५०३ वर न्या. सुमारे १.८ कोटी प्रकाशवर्षांवरची ही सर्पिल दीर्घिका आपल्या शेजारच्या 'स्थानिक पोकळी'च्या काठावर आहे, आणि सहा-आठ इंची दुर्बिणीतून लांबट धूसर ठिपका म्हणून दिसते. ती सर्वांत उंच येते रात्री दोनच्या सुमारास. जुलैत ती सोयीच्या वेळी उंच येते, पण तेव्हा आभाळ पावसाचं. म्हणून मेअखेरीस जागरण करावंच लागतं.

ही स्थानिक पोकळी ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी १९८७ मध्ये दाखवून दिली. आपण तिच्या अगदी कडेला आहोत, तरी तिचा नकाशा काढायला वर्षानुवर्षं गेली, कारण तिचा बराच भाग आकाशगंगेच्या धुळीच्या पट्ट्यामागे येतो. तिथे रेडिओ दुर्बिणी कामी येतात. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर धुळीला दाद देत नाही.

डेटा उतरवला, आणि जिकडे तिकडे पोकळ्याच

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय घेणाऱ्यांसाठी पुढचं सगळं. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या मोठ्या आकाशपाहणीचा डेटा कुणालाही फुकट मिळतो. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह याच सर्व्हेच्या एका पट्ट्यात सापडला, ४०० कोटी प्रकाशवर्षांवर. तेव्हा घरबसल्या खरं काम होतं. फक्त पहिल्या आलेखावर विश्वास ठेवू नका.

आलेखात दूर जावं तसतशा पोकळ्या मोठ्या होत असतील, तर त्या बहुतेक खोट्या आहेत. स्लोनच्या मुख्य नमुन्यात आर पट्ट्यातल्या (लाल प्रकाशातल्या) १७.७७ प्रतीपर्यंतच्या दीर्घिका आहेत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी दीर्घिका मंद), म्हणजे जवळच्या मंद दीर्घिका येतात आणि दूरच्या फक्त तेजस्वी. सातपुड्याच्या उतारावरून रात्री तापीकाठाकडे बघितलं तर पायथ्याच्या गावातला एकेक बल्ब दिसतो आणि लांबवर फक्त भुसावळकडचे मोठे दिवे. म्हणून मधली गावं ओसाड ठरत नाहीत. उपाय असा: निरपेक्ष प्रत (अंतराचा परिणाम काढून टाकलेलं खरं तेज) -२० पेक्षा तेजस्वी तेवढ्याच दीर्घिका ठेवा आणि रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचं माप, त्यावरून अंतर काढतात) ०.०८ च्या पुढचं कापून टाका. नमुना निम्म्याहून लहान होईल, होऊ द्या. भूतपातली पोकळी ०.०५ च्या आसपास आहे, ती यात आरामात बसते.

दुसरी चूक रेडशिफ्टच्या रकान्याची. रंगांवरून अंदाजलेला रेडशिफ्ट आणि वर्णपटावरून मोजलेला, दोन्ही एकाच संकेतस्थळावर मिळतात आणि अंदाजवाल्यांची संख्या कितीतरी जास्त, म्हणून मोह होतो. हिशेब करून बघा: रेडशिफ्टमध्ये ०.०२ ची चूक म्हणजे अंतरात सुमारे २८ कोटी प्रकाशवर्षं. अख्खी पोकळी त्यात बुजून जाते. वर्णपटाचाच घ्या, आणि 'झेडवॉर्निंग' (मोजणीत गडबड असल्याची खूण) शून्य नसलेल्या ओळी काढून टाका. तारे आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) गाळले आहेत ना, तेही बघा.

आलेखात पृथ्वीकडे रोखलेल्या लांब रेघा दिसल्या तर घाबरू नका, तिथे दीर्घिकांचे समूह आहेत. समूहातल्या दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरने इकडे तिकडे फिरतात. तो वेग रेडशिफ्टमध्ये मिसळतो आणि अंतर साडेचार कोटी प्रकाशवर्षांनी चुकतं. या रेघा पोकळीत घुसल्यासारख्या दिसतात आणि पोकळी चिरल्यासारखी वाटते. आधी समूह ओळखून त्यांच्या रेघा आखडून घ्याव्या लागतात.

सर्व्हेच्या कडेला लागून असलेली पोकळी मोजायचीच नाही, कारण तिची पलीकडची भिंत तुमच्याकडे नाहीच. स्वातीसारख्या झगझगीत ताऱ्याभोवतालचा भागही मोजणीतून वगळावा लागतो. ते भोक आपलं, विश्वाचं नाही. आणि आलेख अगदीच विचित्र आला तर आधी कोन तपासा: विषुवांश (आकाशातला रेखांश) अंशांत असतात, पायथॉनला रेडियन लागतात.

एवढं करूनही उरलेल्या पोकळ्यांपैकी काही निव्वळ योगायोगाच्या असतात. तेवढ्याच आकाशात, तेवढ्याच अंतरांच्या विभागणीने यादृच्छिक ठिपके टाका आणि त्यात किती मोठ्या मोकळ्या जागा पडतात ते मोजा. तुमची पोकळी त्याहून ठळकपणे मोठी नसेल तर सोडून द्या. भूतपाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. किर्शनर, ओमलर, शेक्टर आणि शेक्टमन यांना १९८१ मध्ये आकाशाच्या फक्त तीन लहान तुकड्यांत सारख्याच अंतरावर दीर्घिकांमध्ये खंड पडलेला दिसला होता. मग मधल्या भागातले कितीतरी छोटे तुकडे तपासून १९८७ मध्ये त्यांनी ती पोकळी पक्की केली.

'रिकामी' लिहिताना जरा जपून

भूतपातल्या पोकळीत १९९७ पर्यंत साठ दीर्घिका सापडल्या होत्या. पोकळ्यांमधली घनता विश्वाच्या सरासरीच्या दहा-वीस टक्के असते, शून्य नसते. तिथल्या दीर्घिका बहुधा लहान, निळसर, वायूने भरलेल्या आणि अजून तारे घडवणाऱ्या. कृष्णद्रव्यही असतंच. दीर्घिका मोजून ते मोजलं जात नाही, त्यासाठी मागच्या प्रकाशाचं किंचित वळण बघावं लागतं.

पोकळीची हद्द कुठे संपते, यावरही एकमत नाही. २००८ मध्ये पोकळी शोधण्याच्या तेरा पद्धती संगणकात घडवलेल्या एकाच बनावट विश्वावर चालवून बघितल्या, तर पोकळ्यांच्या सीमा पद्धतीगणिक वेगळ्या निघाल्या. म्हणून प्रोजेक्टमध्ये व्यासाचा आकडा लिहाल तिथेच, त्याच ओळीत, पद्धतीचं नाव आणि घनतेची मर्यादाही लिहा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.