अमेरिकेतल्या कॉलेजात आलात? पहिल्या महिन्यातच कॅम्पस मिनिस्ट्री गाठा

वसईच्या धर्मग्रामात किंवा नगरच्या मंडळीत वाढलेल्या मुलामुलींना अमेरिकेतला पहिला रविवार फार जड जातो. प्रार्थना ओळखीची असते, पण आजूबाजूला ओळखीचं माणूस एकही नसतं. अशी माणसं कॅम्पस मिनिस्ट्रीत, म्हणजे कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटांत, मिळतात, मात्र त्यासाठी वेळेवर हलावं लागतं.

बहुतेक विद्यापीठांत फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतं आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत विद्यार्थी संघटनांचा मेळा भरतो. तिथे नाव-नंबर द्या. पहिले चार-सहा आठवडे सगळेच नवे असतात, सगळेच मित्र शोधत असतात. ऑक्टोबरपर्यंत गट जमून जातात. मग नव्या माणसाला कुणी मुद्दाम टाळत नाही, पण त्याची आठवणही राहत नाही.

कॅथलिकांनी न्यूमन सेंटर, म्हणजे कॅथलिक विद्यार्थ्यांचं केंद्र, शोधावं. पहिला न्यूमन क्लब १८९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांजवळ असं केंद्र असतं आणि रविवारी संध्याकाळी खास विद्यार्थ्यांसाठी मिस्सा (कॅथलिक उपासना) असते. सीएनआयमधून (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आलेल्यांना मेथडिस्टांचं वेस्ली फाउंडेशन, एपिस्कोपल किंवा प्रेस्बिटेरियन गट जवळचे वाटतील, कारण १९७० साली याच परंपरांतली मंडळं एकत्र येऊन सीएनआय झालं. इंटरव्हार्सिटी आणि क्रू हे गट कोणत्याही एका पंथाचे नाहीत. तिथे गिटार-ड्रमवर गाणी होतात, त्याने बिचकू नका. एमएस-पीएचडीवाल्यांनी मात्र ‘ग्रॅज्युएट फेलोशिप आहे का’ हे आधी विचारावं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांत चोवीस वर्षांचा माणूस एकटाच पडतो, आणि दोष आपलाच असं त्याला वाटत राहतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मोठ्या सभेत. दर आठवड्याला दीड तास गाणी, सूचना, प्रवचन. लोक हसून ‘हाऊ आर यू’ म्हणतात आणि पुढे जातात. दोन-तीनदा मागच्या बाकावर बसून लोक येणं सोडतात. मैत्री होते ती स्मॉल ग्रुपमध्ये: सहा ते दहा जण, ठरलेला वार, एखाद्याची खोली, बायबलचा एक उतारा, मग गप्पा. सलग पाच-सहा आठवडे एकाच गटात जा, गट बदलू नका. शिवाय एक काम अंगावर घ्या. खुर्च्या मांडा, जेवण वाढा, साउंड सांभाळा. आवरताना जे बोलणं होतं ते सभेत होत नाही.

‘लेट्स हँग आउट समटाइम’ हे इथे निमंत्रण नसतं, नुसता चांगुलपणा असतो. आपणच वार आणि वेळ सांगायची: ‘गुरुवारी साडेबाराला डायनिंग हॉलमध्ये जेवू या का?’ नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा. इथे नकार म्हणजे बहुधा खरंच अभ्यास असतो.

हिंदू किंवा इतर धर्माचे मराठी विद्यार्थीही या गटांत येतात, विशेषतः ब्रिजेस इंटरनॅशनलसारख्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या गटांत. विमानतळावरून आणणं, जुनं फर्निचर मिळवून देणं, किराण्याला गाडीतून नेणं अशी मदत बरेच गट करतात. येशूबद्दल सांगणं हाही त्यांचा हेतू असतो आणि चांगले गट तो लपवत नाहीत. ‘मी हिंदू आहे, मैत्रीसाठी आलो आहे’ असं मोकळेपणाने सांगा. कुणी रागावणार नाही. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो. इतरांनी जागेवर बसून राहिलं तरी चालतं.

थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. डायनिंग हॉल बऱ्याच ठिकाणी बंद, मित्र आपापल्या घरी. तो आठवडा परदेशी मुलांना खायला उठतो, म्हणून कुणाच्या घरी जेवायला जाता येईल का हे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मिनिस्ट्रीत विचारा. शाकाहारी असाल तर पदार्थ सांगून विचारा: स्टफिंगमध्ये (मसालेदार पावाचा पदार्थ) बहुधा चिकनचा रस्सा असतो, ग्रीन बीन्सच्या शेंगांत बेकन (डुकराचं मांस), मार्शमेलोमध्ये जिलेटिन (प्राण्यांपासून केलेलं). एरवीच्या जेवणातल्या ‘चिली’ नावाच्या घट्ट रश्श्यात बहुतेकदा गोमांस असतं. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की हे लक्षात येत नाही.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. रोज हजेरी मागणारा, इतर मित्र तोडायला सांगणारा, बाप्तिस्म्याची घाई करणारा किंवा उत्पन्नाचा हिशोब विचारणारा गट लगेच सोडा. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त धार्मिक गटांच्या यादीत त्याचं नाव आहे का, तेही बघा. आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर चर्चमध्ये वाद्य वाजवण्याचे किंवा मुलं सांभाळण्याचे पैसे, रोख असले तरी, घेऊ नका. कॅम्पसबाहेरच्या विनापरवाना कामाने व्हिसा धोक्यात येतो. फुकट सेवा करताना शंका आली तर इंटरनॅशनल ऑफिसात विचारा.

जानेवारीत येणाऱ्यांनी मेळ्याची वाट पाहू नये. मिनिस्ट्रीच्या स्टाफला थेट ईमेल करा आणि ‘कोणत्या स्मॉल ग्रुपमध्ये जागा आहे’ एवढंच विचारा.