आधी कूप, मग बकऱ्या

गेल्या दोन-तीन वर्षांत शहरातून गावी परत आलेल्या चार-पाच जणांनी मला विचारलं, की भाऊ घरामागं एवढी सांदवाडी पडून आहे, दोन बकऱ्या, चार कोंबड्या अन् थोडा भाजीपाला करायचा आहे, सुरुवात कुठून करू. विचारून झालं की सगळे बाजाराच्या दिवशी जाऊन बकरी घेऊन येतात. मीही तेच केलं होतं, चार बकऱ्या आणल्या तेव्हा कुपाच्या, म्हणजे कुंपणाच्या, नावानं आमच्याकडं फक्त एक वाकडी तार होती, वीस दिवसांत आमची वांगी गेली, शेजारच्या काकूंचा सांभार (कोथिंबीर) गेला, अन् काकू महिनाभर बोलल्या नाहीत. आई म्हणाली, "बकऱ्या आणाच्या आंधी कूप घालाव लागते बापा, हे का कोनाले शिकवाव लागते?" लागते, म्हणून तर लिहितोय.

पहिले पाणी. पाण्याचा हिशोब मे महिन्याचा करायचा, श्रावणाचा नाही. श्रावणात सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. मे महिन्यात विहिरीत किंवा बोरला किती पाणी उरते ते पाहा अन् तेवढ्यात काय भागते ते मोजा. उन्हाळ्यात मोठी बकरी दिवसाला ६-८ लिटर सहज पिते, गाय-म्हैस ६०-७० लिटर किंवा जास्त, कोंबडीला एरवी पाव लिटर पुरते पण ऊन तापलं की दुप्पट. आमच्याकडं नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथं पारा ४५ च्या वर जाणं काही बातमी राहिली नाही, मेच्या शेवटी नवतपात तर पत्र्याला हात लावता येत नाही. पाणी नसेल तर त्या वर्षी फक्त कोंबड्या पाळा, बाकी पुढच्या वर्षी पाहू.

सावलीचंही तसंच. पश्चिमेकडून कडुनिंब असेल तर नशीबवान आहात, नसेल तर पहिल्या पावसात शेवग्याच्या फांद्या लावून टाका, सोबत हादगा अन् थोडं सुबाभूळ. शेवगा वर्षभरात डोक्याच्या वर जातो, सावली तुम्हाला, पाला बकऱ्यांना, शेंगा वरणात. सुबाभूळ मात्र हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर घालू नका, जास्ती झालं की जनावराचे केस गळतात.

आता कूप. आमच्याकडं तुराट्या अन् पऱ्हाट्या (तुरीची अन् कपाशीची वाळकी झाडं) फुकटात मिळतात पण त्या एकच पावसाळा टिकतात, म्हणून खाली बाभळीचे काटे दाबून भरायचे, मधे तुराट्या उभ्या बांधायच्या, अन् पैसे असतील तर आतून चार फुटांची जाळी. चारपेक्षा कमी केली तर बकरी मागच्या पायावर उभी राहून पलीकडचं खाते, मी पाहिलंय. जाळीची खालची कड वीतभर मातीत गाडा, नाहीतर मुंगूस खालून उकरून येते. रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर यांना हा कूप काहीच नाही, ते शेतातलं दुखणं आहे, पण घराला लागून असलेल्या वाडीत कुत्रं बांधलेलं असलं तर सहसा येत नाहीत. वानरांवर माझ्याकडं उपाय नाही. ते आले की मी फक्त ओरडतो.

कुपाचे दोन भाग करायचे, हे सगळ्यात महत्त्वाचं. एका भागात जनावरं, एका भागात भाजी, मधे फाटक, अन् फाटकाची कडी लहान पोराला उघडता येणार नाही अशी. गोबर इकडून तिकडं गेलं पाहिजे, पालापाचोळा तिकडून इकडं आला पाहिजे, पण बकरी जाऊ नये.

कोंबड्यांपासून सुरू करा, सात-आठ गावरान कोंबड्या अन् एक कोंबडा. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, गिरिराज-वनराज या सुधारित जाती जास्ती देतात पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, मग पिल्लं दरवेळी विकत आणावी लागतात. खुराडा जमिनीपासून दीड-दोन फूट वर, आत बसायला आडव्या काठ्या, कोंबडीमागं दोनेक चौरस फूट जागा. पत्र्याचं छप्पर असेल तर वरून चुना मारा अन् त्यावर पऱ्हाट्या किंवा तणस (धानाचा पेंढा) टाका, पश्चिमेच्या बाजूला बारदाना लटकवून दुपारी दोनदा पाणी मारा. मेमध्ये दाणा सकाळी सूर्य निघायच्या आत अन् संध्याकाळी, भर दुपारी पोटात दाणा असला की कोंबडीला जास्ती तापते, चोच उघडी टाकून पंख पसरून धापा टाकत असेल तर तिला सावलीत नेऊन थंड पाणी पाजा, लगेच. पाण्याचं भांडं मातीचं ठेवा, प्लास्टिकच्या डब्यातलं पाणी बाराला चहासारखं होते.

पिल्लं काढायची तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. उन्हाळ्यात बसवलेली अंडी बरीचशी वाया जातात. एका खुडूक कोंबडीखाली १०-१२ अंडी, आठवड्याच्या आतली, न धुतलेली, टोपल्यात तणस घालून अंधाऱ्या कोपऱ्यात. सातव्या दिवशी रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्यामागं धरा, आत लाल नसा दिसल्या तर ठीक, नुसतं पिवळं-पारदर्शक दिसलं तर काढून टाका. २१ व्या दिवशी पिल्लं. पहिले तीन आठवडे त्यांना डाल्याखाली ठेवायचं कारण घार, कावळा, मांजर सगळे टपलेले असतात. खायला तांदळाची कणी, ज्वारीची भरड, अन् आमच्या आजीचा प्रकार, मडक्यात ओला कडबा अन् शेण भरून वाळवीच्या जागेवर रात्री पालथं घालायचं, सकाळी मडकं वाळवीनं भरलेलं असते, पिल्लं त्यावर तुटून पडतात.

मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं, मात्र आजीच्या भरवशावर सोडू नका. हिरवी हगवण, मान वाकडी, अन् चार दिवसांत अख्खा खुराडा रिकामा, आमच्या गल्लीत एकदा असंच झालं, तेव्हा माझ्या अकरापैकी नऊ गेल्या. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात अन् आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. लसीची कुपी १०० पिल्लांची येते अन् एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, त्यामुळं गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी घ्यायची. अन् बर्फात आणा. खिशात घालून आणलेली लस ही पाण्यासारखीच.

बकऱ्या दुसऱ्या वर्षी. आमच्याकडं बेरारी घ्या, अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर या भागातली तांबूस रंगाची, इथल्या उन्हाची सवय असलेली. घेताना दोन दाताची (वर्ष-दीड वर्षाची) पाहा, दोन्ही थानं सारखी आहेत का हात लावून पाहा, चालवून पाहा. घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवस बाकीच्यांपासून लांब बांधा, बाजारातून बकरीसोबत रोगही फुकट येतो. पावसाळ्यासाठी मचाण करा, बकरीमागं १०-१२ चौरस फूट, फळ्यांमधे बोटभर फट, म्हणजे लेंड्या अन् मूत खाली पडते अन् खुरं कोरडी राहतात. ओल्या जमिनीवर बसलेली बकरी खोकलायला लागलीच म्हणून समजा. चंद्रपूर-गडचिरोलीकडं असाल तर नुसता कूप पुरत नाही, बिबट घरात येऊन नेतो, वरून जाळी अन् पक्कं दार लागते. तरी नेली तर वनखात्याला लगेच कळवा अन् पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका.

चारा विकत घेऊन बकरी परवडत नाही, हे मी दोन वर्षं हिशोब लिहून पाहिलंय. तूर अन् हरभरा निघाला की कुटार (भुसा) भरून ठेवा, ज्यांच्याकडं जनावरं नाहीत ते लोक कुटार शेतातच पेटवतात, जाऊन मागा, देतात. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पोरांकडून गोळा करवा. सरकी ढेप गाभण अन् दूध देणाऱ्या बकरीला पाव किलोपर्यंत, पिल्लांना नको.

दोन गोष्टींनी बकऱ्या एका दिवसात मरतात म्हणून नीट वाचा. एक, किराळ. दीड महिन्याच्या आतली ज्वारी, पाण्याविना वाळत चाललेली ज्वारी, किंवा कापल्यावर खोडाला आलेले कोवळे फुटवे, यात विष असते, तिथं दावं सुटू द्यायचं नाही. दुसरं, फवारलेली पऱ्हाटी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, तिथं बकरी काय टिकणार, बांधावरचं गवतही नको, अन् औषधाच्या डब्यात पाणी पाजणं तर बिलकुल नको. शेजारच्या शेतकऱ्याला फोन करून विचारायचं, आज फवारा आहे का म्हणून.

गाभण काळ पाच महिन्यांचा. पिल्लू झालं की अर्ध्या-एक तासात चीक पाजा, नाळेला आयोडीन लावा. पीपीआरची (बकऱ्यांच्या प्लेगची) लस तीन महिन्यांच्या वरच्या पिल्लाला, ती तीनेक वर्षं चालते, अन् आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत पाहून बकऱ्या वेड्या होतात, म्हणून त्या दिवसांत सोडायच्या आधी पोटात थोडं कोरडं कुटार जाऊ द्या, नाहीतर पोट फुगते. डॉक्टर गावात नसेल तर १९६२ वर फोन लावा, तो जनावरांसाठीचा टोल-फ्री नंबर आहे.

गायीबद्दल थोडक्यात, पहिली दोन वर्षं नको. घ्यायचीच असेल तर आर्वीकडची गवळाऊ पाहा. पण गाय आली की लग्नाला जाणं संपलं.

भाजीला आमची काळी माती पावसाळ्यात चिखल अन् उन्हाळ्यात भेगा, म्हणून वीतभर उंच गादीवाफे करा. मृगात कुपावर दोडका, कारलं, लवकी (दुधी), कोहळं, वालाच्या शेंगा सोडा, कूपच अर्धी भाजी पिकवतो. दिवाळीच्या पुढंमागं मेथी, पालक, सांभार, मुळा, लसूण, भेदरं (टमाटे), वांगी. उन्हाळ्यात हट्ट नको, फक्त न्हाणीचं पाणी जाते तिथं धोपा (अळू) अन् दोन केळी, बाकी वाफे तणसानं झाकून गप बसायचं. खत म्हणून लेंड्या थोड्या कुजवून घाला. कोंबडीची विष्ठा ताजी घालायची नाही, झाड जळते, पाल्यात मिसळून दोन-तीन महिने उकिरड्यावर कुजू द्या. मावा-तुडतुड्याला निंबोळी अर्क, अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून दहा लिटर करायचं, चिमूटभर साबण. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखाली सडा पडलेल्या असतात तेव्हाच वेचून सावलीत वाळवा, सप्टेंबरात कीड आल्यावर शोधत फिरलो होतो मी, एक मिळाली नाही.

या सगळ्याला सकाळी एक तास अन् संध्याकाळी एक तास लागतो, पण तो रोज लागतो, ताप आला तरी. म्हणून एक शेजारी आधीच ठरवून ठेवा, तुम्ही बाहेरगावी गेले की तो पाहील, तो गेला की तुम्ही. आमचं काकूंसोबत तसंच ठरलंय, अंडी पाठवून पाठवून त्या परत बोलायला लागल्या.

अन् दिवस बुडाला की खुराड्याचं दार लावायच्या आधी कोंबड्या मोजा. एक कमी भरली तर टॉर्च घेऊन आधी शेवग्यावर पाहा, तिथंच बसलेली असते.