मसुदा नियमावर हरकत कशी नोंदवावी : औषध दुकानातील फार्मासिस्टांसाठी

औषधविक्रीचे नियम दिल्लीत ठरतात आणि आपण ते फक्त पाळायचे, अशी समजूत दुकानात काम करणाऱ्या अनेक फार्मासिस्टांची असते. कायदा मात्र तसे सांगत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३३ नुसार असे नियम करण्याआधी केंद्र सरकारला मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. हरकती व सूचना कोठे आणि किती दिवसांत पाठवायच्या, हे त्या अधिसूचनेतच छापलेले असते. ही मुदत फार मोठी नसते; त्यामुळे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अधिसूचनांवर नियमित नजर ठेवावी आणि तयारी मसुद्याची वाट न पाहता आधीपासूनच सुरू करावी.

या तयारीचा सर्वांत मोठा साठा आपल्या काउंटरवरच असतो. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ या औषधांच्या यादीत काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी औषधे आहेत. त्यांच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. बहुतेक ठिकाणी ही वही औषध निरीक्षक आले तरच उघडली जाते, हे खरोखर दुर्दैव आहे. दर महिन्याला तिच्यातून कोणते प्रतिजैविक किती गेले आणि चिठ्ठीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा कमी गोळ्या किती जणांनी नेल्या, याचा गोषवारा काढावा. जी मागणी चिठ्ठीअभावी नाकारली, तिची नोंद या वहीत येत नाही. ती वेगळी ठेवावी, कारण नियम कोठे अडतो हे तीच दाखवते. गोषवाऱ्यात रुग्णांची नावे मुळीच येऊ देऊ नयेत.

औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास नुसत्या संशयावरही गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे कळवता येते (दूरध्वनी १८००-१८०-३०२४). कार्यकारणभाव तपासणे हे पुढच्या तज्ज्ञांचे काम आहे; आपण कळवलेच नाही, तर तपासायला काहीच उरत नाही.

निवेदन लिहिताना अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक वर द्यावा, ज्या नियमावर आक्षेप आहे त्याचे शब्द उतरवावेत, आपली आकडेवारी मांडावी आणि शेवटी पर्यायी मजकूर स्वतः सुचवावा. ‘हा नियम जाचक आहे’ एवढ्याच वाक्यावर मसुदा बदलणे अधिकाऱ्यालाही कठीण असते. धंद्याचे नुकसान आणि रुग्णाचे नुकसान हे मुद्दे वेगळे ठेवावेत. माझ्या मते दुसरा मुद्दा आधी यावा. तालुक्यातील दहा-बारा दुकानांची आकडेवारी एकत्र जोडता आली, तर निवेदनाचे वजन निश्चितच वाढते.

याखेरीज राज्य फार्मसी परिषदेत नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडून दिलेले सहा सदस्य असतात, आणि केंद्राच्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळावर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचाही एक प्रतिनिधी असतो. निवेदनाची प्रत या दोहोंकडे पाठवावी. अंतिम नियम प्रसिद्ध झाला की तो मसुद्याशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावा. सुचवलेला बदल आलेला नसेल, तर त्या नियमाचा दुकानातील परिणाम पुढील महिन्याच्या गोषवाऱ्यात नोंदवण्यास सुरुवात करावी.