जुन्या स्नोमोबाइलचं (बर्फावर चालणाऱ्या गाडीचं) इंजिन ओव्हरफ्लो झालं तर

दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पेट्रोलचा भपकाही येतोय आणि मशीन काही सुरू होत नाही: इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये हे बहुतेक वेळा चोक जास्त वेळ ओढून ठेवल्यामुळे होतं. आता चोक आणखी ओढू नका.

चोक पूर्ण बंद, पेट्रोलचा कॉकही बंद. ब्रेक दाबून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आठ-दहा वेळा दोरी ओढा. इंजिनने पकड घेतली की थ्रॉटल लगेच सोडा, नाहीतर क्लच लागून मशीन उडी मारेल.

तरीही नाही? मग प्लग काढा. टोकाला ओल चकाकत असेल तर पुसून वाळवा. शक्यतो नवेच लावा. टू-स्ट्रोकमध्ये जादा पेट्रोल खाली क्रँककेसमध्येही (सिलिंडरखालच्या बंद कप्प्यात) साचतं, म्हणून प्लग काढलेले असतानाच दोरी काही वेळा ओढून ते बाहेर काढा. मात्र त्याआधी इग्निशन बंद करा आणि प्लगच्या कॅप भोकांपासून लांब ठेवा. बाहेर येणारी वाफ एका ठिणगीवर पेटते.

वारंवार असं होत असेल तर दोष कार्ब्युरेटरमध्ये शोधा: फ्लोटची (आतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पेट्रोल अडवणारी सुई झिजलेली असते किंवा तिच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो. मशीन ट्रेलरवरून नेताना कॉक उघडा राहिला तरी हादऱ्यांनी फ्लोट नाचतो आणि पेट्रोल आत झिरपतं. चालकाला वाटतं, काल तर नीट चालत होती!