एडिटिंग सॉफ्टवेअर उघडताच बंद पडतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

प्रीमिअर प्रोच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं, लोगो आला, खाली चार ओळी पळाल्या आणि सगळं गायब. कुणाचं दा विंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर असंच करतं. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारून टाक.’ दर्यापूर असो की घाटंजी, दुकानात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट चालतं, दिवसाचा डेटा दीड-दोन जीबी, आणि लग्नसराईत हळदीपासून वरातीपर्यंतचं मिक्सिंग अर्धवट पडलेलं. त्यात विंडोज, ड्रायव्हर (कॉम्प्युटरचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर), सॉफ्टवेअर, फॉन्ट सगळं नव्यानं चढवायचं म्हणजे दोन दिवस गेलेच. म्हणून पुढचा क्रम मी डेटाच्या हिशेबानं लावला आहे. फुकटचे उपाय आधी, डाउनलोड लागणारे नंतर.

आधी काम वाचवा

सॉफ्टवेअर उघडत नाही म्हणून प्रोजेक्ट गेला असं नसतं. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल वेगळी असते आणि तिच्या शेजारीच ऑटो-सेव्हचं फोल्डर असतं. दोन्हींची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. रिझॉल्व्हचं थोडं वेगळं आहे. त्याचे प्रोजेक्ट सहसा सी ड्राइव्हवर, ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात, ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या आत ‘सपोर्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. घाईत कुणी ते फोल्डर उडवलं किंवा फॉरमॅट मारला, तर कार्डावरचं शूटिंग शाबूत राहूनही सगळी कटिंग जाते. ते अख्खं फोल्डर कॉपी करून ठेवा, मगच बाकीच्याला हात लावा.

नेमकं कुठे मरतंय ते बघा

लोगोच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत काय लोड होतंय ते येतं. डोळ्याला ते वाचता येत नाही. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि शेवटच्या ओळीवर थांबवा. तिथे प्लगइनचं, म्हणजे वरून टाकलेल्या जोड-सॉफ्टवेअरचं, नाव दिसलं तर संशय त्याच्यावर. फॉन्टचा उल्लेख असेल तर फॉन्टकडे वळा. होम स्क्रीन नीट येऊन प्रोजेक्ट उघडल्यावर बंद पडत असेल, तर दोष सॉफ्टवेअरपेक्षा त्या प्रोजेक्टमध्ये असण्याची शक्यता जास्त. तेव्हा नवा रिकामा प्रोजेक्ट करून जुना त्यात इम्पोर्ट करा, नाही जमलं तर ऑटो-सेव्हमधली आदल्या दिवशीची फाइल उघडा.

लोगोसुद्धा न येता बंद होत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये जाऊन सॉफ्टवेअरची जुनी प्रत मागे अडकून पडली आहे का ते पाहा. असेल तर ती संपवा.

रीस्टार्ट, आणि यूएसबी काढणं

इथे शटडाउन नको, रीस्टार्टच करा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. बिघडलेला ड्रायव्हर तसाच राहतो. रीस्टार्टमध्ये तो नव्यानं लोड होतो.

त्याआधी यूएसबीचा माइक, साउंड कार्ड, कार्ड रीडर, ब्लूटूथ हेडफोन सगळं काढा. एडिटिंग सॉफ्टवेअर सुरू होताना आवाजाची साधनं शोधतं आणि स्वस्तातल्या साउंड कार्डाचा ड्रायव्हर त्याला तिथेच पाडू शकतो.

सी ड्राइव्हवर जागा किती आहे तेही बघून घ्या. लाल पट्टी दिसत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, आधी वीस-पंचवीस जीबी मोकळे करा.

सेटिंगची फाइल: खरा चोर बहुतेकदा इथेच

आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. सॉफ्टवेअर चालू असताना ते आपली सेटिंग आणि कॅशे (काम लवकर व्हावं म्हणून केलेल्या तात्पुरत्या फाइल) डिस्कवर लिहीत असतं. नेमकी तेव्हाच लाइन गेली तर फाइल अर्धवट राहते. विंडोजची फाइल व्यवस्था आपली यादी सावरून घेते, पण फाइलच्या आतला मजकूर पूर्ण असेलच याची हमी देत नाही. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर ती अर्धवट फाइल वाचायला जातं आणि कोसळतं. ‘काल तर चांगलं चालू होतं’ असं ऐकलं की मी आधी विचारतो, काल लाइन गेली होती का?

प्रीमिअरसाठी उपाय सोपा आहे. आयकॉनवर डबल क्लिक केल्याबरोबर आल्ट की दाबून धरा. सेटिंग रीसेट करायचं का असं विचारलं की होकार द्या. जमत नसेल तर डॉक्युमेंट्समधल्या अॅडोबच्या फोल्डरात, प्रीमिअर प्रोच्या त्या आवृत्तीत ‘प्रोफाइल’नं सुरू होणारं फोल्डर आहे, त्याचं नाव बदला. डिलीट करू नका. नाव बदललं की सॉफ्टवेअर नवं फोल्डर तयार करतं आणि तुमचे कीबोर्ड शॉर्टकट जुन्यात सुरक्षित राहतात. रिझॉल्व्हमध्ये मघाच्याच ठिकाणी ‘प्रेफरन्सेस’ फोल्डर आहे, त्याचं नाव बदला. शेजारचं ‘सपोर्ट’ मात्र जिथल्या तिथे राहू द्या. केडेनलाइव्ह हे मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ॲपडेटाच्या लोकल फोल्डरातल्या ‘केडेनलाइव्हआरसी’ (kdenliverc) फाइलचं नाव बदलावं.

ॲपडेटा फोल्डर लपलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत ‘हिडन आयटम्स’ला खूण केली की दिसतं.

आता कॅशे. प्रीमिअरचं कॅशे रोमिंगमध्ये, अॅडोबच्या ‘कॉमन’ फोल्डरात असतं: ‘मीडिया कॅशे’ आणि ‘मीडिया कॅशे फाइल्स’. ही दोन्ही बेधडक रिकामी करा, मूळ शूटिंगला धक्का लागत नाही. पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडायला वेळ लागेल, एवढंच.

फॉन्ट आणि प्लगइन

लग्नाच्या टायटलसाठी आपण कुठून कुठून मराठी फॉन्ट गोळा करतो. व्हॉट्सॲपवर कुणीतरी चारशे फॉन्टची झिप पाठवतो आणि आपण सगळे निवडून एकदम इन्स्टॉल करतो. त्यातला एखादा बिघडलेला निघाला तर फॉन्टची यादी वाचतानाच सॉफ्टवेअर अडकतं. शेवटचे टाकलेले फॉन्ट काढून पाहा. कुठले ते आठवत नसेल तर फॉन्टच्या फोल्डरात तारखेनुसार क्रम लावा.

प्लगइनचंही तसंच. अॅडोबचे बाहेरचे प्लगइन प्रोग्राम फाइल्समध्ये अॅडोब, कॉमन, प्लगइन्स, ७.०, मीडियाकोर या वाटेवर असतात. त्यातलं सगळं उचलून डेस्कटॉपवर ठेवा. सॉफ्टवेअर उघडलं तर निम्मे परत टाका, मग उरलेल्यातले निम्मे. एकेक तपासत बसण्यापेक्षा असा गुन्हेगार लवकर सापडतो.

विंडोजलाच विचारा

एवढं करूनही उघडत नसेल तर स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा. विंडोज लॉग्जमधल्या ॲप्लिकेशनवर क्लिक करा आणि क्रॅशच्या वेळची लाल खुणेची नोंद उघडा. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ ही ओळ महत्त्वाची. नाव ‘एनव्ही’नं सुरू होत असेल तर एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, ‘एटीआय’ किंवा ‘एएमडी’ असेल तर एएमडीचा, ‘आयजी’ असेल तर इंटेलचा. ‘एमएसव्हीसीपी’ असं काही दिसलं तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज पुन्हा टाका. ते पंचवीस एमबीच्या आसपासचं आहे, डेटाला परवडतं. ‘एनटीडीएलएल’ दिसलं तर त्यावरून फारसं काही कळत नाही, त्याच्या मागे धावू नका.

ड्रायव्हरवर संशय आला तरी लगेच नवा उतरवू नका. विंडोज अपडेट कधी कधी आपणहून ड्रायव्हर बदलतं. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अॅडाप्टर्स, ग्राफिक्स कार्डवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक’. हे बटण चालू दिसलं तर जुना ड्रायव्हर एक एमबीही न खर्चता परत येतो. नसेल तरच नवा घ्या. एनव्हीडियाचा असेल तर गेमिंगचा नको, ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घ्या आणि टाकताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ला खूण करा. फाइल अर्धा जीबीहून मोठी असते, तेव्हा तालुक्याला वायफाय असेल तिथून आणणं बरं.

क्रॅक आणि जुनी मशीन

हे कुणाला आवडणार नाही, पण क्रॅक केलेल्या, म्हणजे परवाना तोडून फुकट वापरलेल्या, सॉफ्टवेअरमध्ये वरचे उपाय कितीही करा, खात्री नाही. क्रॅकमध्ये मूळ फाइल बदललेली असते. अँटिव्हायरसनं ती उचलून नेली की दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर बंद, आणि अँटिव्हायरस बंद ठेवला तर ग्राहकाच्या पेनड्राइव्हवरून काय येईल ते सांगता येत नाही. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरून उरते. मशीन हलकी असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट आहेच.

मशीन मात्र खरोखर तपासा. नागपुरातून आणलेले सेकंडहँड कॉम्प्युटर दिसायला चकचकीत असतात, आत तिसऱ्या-चौथ्या पिढीचा प्रोसेसर. नव्या प्रीमिअरला इंटेलची किमान सहावी पिढी लागते. तिथे जुनी आवृत्ती किंवा दुसरं सॉफ्टवेअर एवढाच पर्याय आहे.

आता उरलं पुन्हा इन्स्टॉल करणं. ते करताना आवृत्ती तीच ठेवा. नव्या आवृत्तीत बदललेला प्रोजेक्ट जुन्यात सहसा उघडत नाही, आणि सराईच्या मध्यात हा धोका कशाला? सगळं चालू झालं की रिझॉल्व्हचा सेटअप आणि चाललेला ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर ठेवा, वर चिठ्ठीवर आवृत्तीचा नंबर लिहा, आणि कॉम्प्युटरला यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवत असाल तर त्याचा मोड बघा. यूपीएस मोड नसेल तर लाइन गेल्यावर तो चालू व्हायला जो क्षण घेतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो.