जुना लेझर प्रिंटर नव्या नेटवर्कला जोडताना

एचपी लेझरजेट ४०५० हे मॉडेल १९९९ मध्ये बाजारात आलं. माझ्या कामाच्या खोलीत आज तोच प्रिंटर चालू आहे आणि घरातल्या सगळ्या लॅपटॉपवरून, फोनवरूनसुद्धा त्यावर छापता येतं. मिनिटाला १७ पानं, मोठ्या टोनरमध्ये साधारण १०,००० पानं, आणि कागद ओढणारे रोलर बदलले की पुन्हा पहिल्यासारखा. असं दणकट यंत्र केवळ ‘नव्या कॉम्प्युटरवर दिसत नाही’ म्हणून भंगारात जाताना पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. बहुतेक वेळा यंत्रात बिघाड काहीच नसतो. अडलेलं असतं ते जोडणीत, आणि जोडणी एका दुपारी होऊ शकते.

वायर शोधायला लागण्याआधी एक गोष्ट तपासा: तुमच्या प्रिंटरला कोणती भाषा कळते? लेझर प्रिंटर ढोबळपणे दोन जातींचे. एका जातीला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजतं. पान कसं दिसायला हवं याचं वर्णन कॉम्प्युटर पाठवतो आणि पान तयार करण्याचं काम प्रिंटर स्वतः करतो. दुसऱ्या जातीचे प्रिंटर सगळं कॉम्प्युटरवर सोपवतात आणि फक्त तयार ठिपके झेलतात. त्यांना जीडीआय किंवा होस्ट-बेस्ड म्हणतात. लेझरजेट १०२० हा त्यातलाच. त्याला तर दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, भरून घ्यावं लागतं. कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो. पुढची सगळी वाट या एका उत्तरावर ठरते, म्हणून इथे घाई करू नका. प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज छापून घ्या. त्यावर ‘पर्सनॅलिटीज’ या मथळ्याखाली पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट लिहिलेलं असेल, तर तुमचं काम निम्म्याने सोपं झालं.

आता मागची बाजू बघा. तिथे नेटवर्कची चौकोनी खाच असेल तर उत्तमच. नसेल पण कार्डासाठी रिकामी जागा असेल, तर जुन्या बाजारात जेटडायरेक्टची, म्हणजे एचपीच्या नेटवर्क जोडणीची, कार्डं मिळतात. ४००० आणि ४०५० ला ईआयओ कार्ड लागतं, त्याआधीच्या लेझरजेट ४ आणि ५ ला एमआयओ. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे विकत घेण्याआधी नाव नीट वाचा. ईआयओमध्ये ६१५एन किंवा ६२०एन मिळालं तर घ्या, दोन्ही १०/१०० मेगाबिटची आहेत. कार्ड बसवताना प्रिंटर बंद करून प्लग काढून ठेवा. कार्डाची जागाच नसेल आणि मागे फक्त रुंद पॅरलल पोर्ट असेल, तर जेटडायरेक्ट ३००एक्ससारखी बाहेरची डबी त्या पोर्टला लावता येते. होस्ट-बेस्ड प्रिंटरला मात्र ही डबी उपयोगी पडत नाही, त्याची सोय पुढे सांगते.

केबल लावल्यावर खाचेजवळचा दिवा लागला नाही तर कार्ड गेलं असं लगेच ठरवू नका. काही जुनी कार्डं फक्त १० मेगाबिटवर चालतात. साधे गिगाबिट स्विच बहुधा तेवढं सांभाळून घेतात, पण नव्या राउटरवरचे काही २.५ गिगाबिटचे पोर्ट इतक्या खाली उतरतच नाहीत. मध्ये एखादा जुना १०/१०० चा छोटा स्विच ठेवून बघा. दोन्ही बाजूंशी त्याचं जमतं आणि दिवा लागतो.

पत्ता द्या, आणि तो पक्का करा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून हा भाग सविस्तर सांगते. बऱ्याच जुन्या जेटडायरेक्ट कार्डांना नेटवर्कवर कोणी पत्ता दिला नाही तर ती १९२.०.०.१९२ हा पत्ता घेऊन बसतात. घरचा राउटर सहसा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. म्हणजे दोघं एकाच वायरवर असूनही एकमेकांना दिसत नाहीत. कॉन्फिगरेशन पेजसोबत जेटडायरेक्टचं वेगळं पान निघतं, त्यावर सध्याचा पत्ता आणि हार्डवेअर अ‍ॅड्रेस, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, दोन्ही असतात. ते पान जपून ठेवा.

सोपा मार्ग राउटरमधून जातो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (राउटरने आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत) रिझर्व्हेशन शोधा, तो मॅक अ‍ॅड्रेस टाका आणि त्याला एक पत्ता कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. प्रिंटर बंद करून चालू केला की तोच पत्ता घेतो. पुढे कधी राउटर बदलला तर तेवढी एक ओळ नव्या राउटरमध्ये भरायची.

कार्ड फारच जुनं असेल आणि डीएचसीपीला दाद देत नसेल, तर पत्ता प्रिंटरच्या पॅनेलवरून हाताने भरावा लागतो. ४०५० वर ‘मेनू’चं बटण दाबत ‘ईआयओ १ मेनू’पर्यंत जा. तिथे ‘सीएफजी नेटवर्क’ असं दिसेल. त्याचं उत्तर ‘येस’ करून ‘सिलेक्ट’ दाबा. शेजारी चांदणी उमटली म्हणजे ते नोंदलं गेलं. चांदणी नाही तर बदल झालेलाच नाही. हे लक्षात ठेवा, पुढच्या प्रत्येक ओळीला हाच नियम आहे. मग ‘सीएफजी टीसीपी/आयपी’ला ‘येस’ आणि ‘बूटपी’ला (आपोआप पत्ता मागण्याची जुनी पद्धत) ‘नो’ द्या. त्यानंतर आयपीचे चार आकडे एकेक करून विचारले जातात, ‘आयपी बाइट १’ ते ‘४’. ‘एसएम’ म्हणजे सबनेट मास्क, घरी बहुधा २५५.२५५.२५५.०. ‘जीडब्ल्यू’ म्हणजे गेटवे, तिथे राउटरचा पत्ता. मधला ‘एलजी’ नोंदी पाठवण्याच्या सर्व्हरसाठी असतो, त्याला हात लावू नका. पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा निवडा, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्याच्या फोनला जाईल आणि प्रिंटर कारण नसताना गप्प झाल्यासारखा वाटेल.

त्याच मेनूत आयपीएक्स/एसपीएक्स, डीएलसी/एलएलसी आणि अ‍ॅपलटॉक दिसतील. तिन्ही बंद करा. अ‍ॅपलटॉक तर अ‍ॅपलनेच २००९ मध्ये मॅकमधून काढून टाकलं.

आता कोणत्याही कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक द्या. उत्तर आलं की नेटवर्कची बाजू संपली. लिनक्स किंवा मॅक वापरत असाल तर मी आणखी एक पायरी घेते: नेटकॅट या छोट्या कमांडने साध्या मजकुराच्या दोन-तीन ओळी ९१०० या पोर्टवर पाठवते. हा पोर्ट नळासारखा आहे, या टोकाने जे सोडाल ते त्या टोकाने बाहेर येतं. ना ओळखपत्र, ना वाटाघाटी. पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रिंटर आजच्या कॉम्प्युटरशी बोलू शकतो तो या साधेपणामुळेच. मजकूर थोडा असेल तर पान लगेच निघत नाही, डेटाचा दिवा लागून राहतो. तेव्हा ‘गो’ दाबा. ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत गेल्या तर घाबरू नका. लिनक्सची ओळ संपते तेव्हा प्रिंटरला ‘खाली ये’ एवढंच कळतं, ‘डावीकडे परत जा’ हे सांगितलेलं नसतं. पान निघालं हे महत्त्वाचं. यापुढे काही अडलं तर ते ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरशी बोलणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, अडलेलं आहे, हे तुम्ही खात्रीने म्हणू शकता.

विंडोज, मॅक आणि बाकीचे

विंडोज ११ मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये ‘अ‍ॅड डिव्हाइस’ दाबा आणि शोध चालू असताना थोडं थांबा. जुना प्रिंटर तिथे आपोआप येणार नाही, पण थोड्या वेळाने ‘अ‍ॅड मॅन्युअली’ उमटतं. आयपी अ‍ॅड्रेसने जोडण्याचा पर्याय निवडा. डिव्हाइसचा प्रकार ‘ऑटोडिटेक्ट’वर सोडू नका, ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ घ्या. ड्रायव्हर आपोआप निवडण्याची खूणही काढा. पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘रॉ’ आणि ९१०० असायला हवं.

तिथेच खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी खूण असते. ती काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करतं, आणि जुन्या कार्डाकडून अपेक्षित उत्तर आलं नाही की त्याला ‘ऑफलाइन’ ठरवून टाकतं. प्रिंटर समोर ‘रेडी’ म्हणत असताना स्क्रीनवर ऑफलाइन दिसतो, त्यामागे किती तरी वेळा ही एवढीशी खूण असते.

ड्रायव्हरसाठी आधी एचपीचा युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर बघा. तो जमला नाही तर विंडोजमध्ये आधीपासून असलेला ‘मायक्रोसॉफ्ट पीसीएल६ क्लास ड्रायव्हर’ किंवा त्याचाच पोस्टस्क्रिप्टचा भाऊ लावून बघा. दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरलाही हे चालतात, फक्त भाषा जुळली पाहिजे. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोजमध्ये ‘प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ आला आहे. तो चालू असेल तर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर चालत नाहीत, म्हणून तो बंद आहे ना हे आधीच बघून घ्या.

मॅकवर काम झटकन होतं: प्रिंटर जोडताना आयपीचा टॅब, प्रोटोकॉल ‘एचपी जेटडायरेक्ट – सॉकेट’, आणि ‘यूज’मध्ये ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ किंवा ‘जेनेरिक पीसीएल’.

होस्ट-बेस्ड प्रिंटर असेल, किंवा फोनवरूनही छापायचं असेल, तर मध्ये एक छोटा कॉम्प्युटर ठेवणं हाच माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय. मी रास्पबेरी पाय वापरते. त्यावर कप्स, म्हणजे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचं आणि प्रिंटर यूएसबीने लावायचा. पॅरलल पोर्टवाला असेल तर यूएसबी ते पॅरलल केबलने लावायचा, आणि माझ्यासारखा नेटवर्कवरच असेल तर कप्सला त्याचा पत्ता द्यायचा. ६३१ पोर्टवर कप्सचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे प्रिंटर जोडून ‘शेअर’ची खूण करा. लेझरजेट १०२० आणि त्याच्या भावंडांसाठी फू२झेडजेएस हा ड्रायव्हर आहे, फर्मवेअर भरण्याची सोयही त्यात आहे. सोबत अवाही, म्हणजे नेटवर्कवर अशा सेवा जाहीर करणारं सॉफ्टवेअर, चालू असलं की कप्स हा प्रिंटर एअरप्रिंट (अ‍ॅपलची ड्रायव्हरविना छपाईची पद्धत) म्हणून जाहीर करतं, आणि आयफोन तो स्वतःहून शोधतो. मोठा फायदा असा की ड्रायव्हर फक्त एका जागी राहतो. घरातला कॉम्प्युटर बदलला, विंडोज बदललं, कोणी एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप आणला, तरी प्रिंटरच्या बाजूला काही बदलावं लागत नाही.

जुन्या काळच्या वायरलेस प्रिंट सर्व्हरच्या नादी मात्र लागू नका. त्यांपैकी कित्येकांना डब्ल्यूईपी या वायफायच्या जुन्या, कमकुवत सुरक्षेपलीकडचं काही कळत नाही, आणि त्यांच्यासाठी घरचं वायफाय कमकुवत करणं कधीही परवडणारं नाही. प्रिंटर राउटरपासून लांब असेल तर वायरलेस ब्रिज, म्हणजे वायफाय पकडून केबलने पुढे देणारी डबी, घ्या आणि त्यातून प्रिंटरला केबल द्या. त्याच कारणासाठी राउटरवरून ९१०० पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका, आणि कार्डात टेलनेट (नेटवर्कवरून सेटिंग बदलण्याची जुनी सोय) असेल तर त्याला पासवर्ड लावा. ही कार्डं बनली तेव्हा नेटवर्कवरच्या प्रत्येकावर विश्वास ठेवायची पद्धत होती.

छपाई सुरू झाल्यावर दोन गोष्टी मी नेहमी बघते. पहिली देवनागरीची. पीसीएल ड्रायव्हर फॉन्टचे तुकडे प्रिंटरकडे पाठवतो, आणि त्यात कधी कधी जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. ड्रायव्हरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘प्रिंट ऑल टेक्स्ट अ‍ॅज ग्राफिक्स’ किंवा ‘सेंड ट्रूटाइप अ‍ॅज बिटमॅप’ असा पर्याय मिळाला तर तो लावा. अक्षर चित्र म्हणून जातं, त्यामुळे स्क्रीनवर जसं दिसतं तसंच उमटतं. याने पान जड होतं. ‘२० इनसफिशियंट मेमरी’ किंवा ‘२१ पेज टू कॉम्प्लेक्स’ असा संदेश आला तर रिझोल्यूशन १२०० वरून ६०० वर आणा, वाचनाच्या मजकुरात फरक जाणवत नाही. तरीही अडलं तर मेमरीची पट्टी वाढवा.

दुसरी गोष्ट कागदाची. प्रिंटर छापायच्या ऐवजी लेटर आकाराचा कागद मागत थांबला, तर ड्रायव्हरमध्ये लेटर आणि ट्रेमध्ये ए४ असा घोळ असतो. आकार तीन ठिकाणी जुळवा: प्रिंटरच्या पॅनेलवर, ड्रायव्हरच्या डिफॉल्टमध्ये आणि कप्समध्ये. आणि प्रिंटरचा प्लग यूपीएसमध्ये नको, थेट भिंतीत. फ्यूजर, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग, तापताना एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस त्या झटक्याने बंद पडू शकतो. यूपीएसवर रास्पबेरी पाय आणि राउटर ठेवा.